कुशीत कळ आली, तर आधी घड्याळ पाहा

समजा, रात्रीची लाईट आली म्हणून घरातला कर्ता माणूस उसाला पाणी द्यायला गेला आहे. दारे धरता धरता दीडच्या सुमारास त्याच्या डाव्या कुशीत एकाएकी कळ उठली. बरगडीखालून निघालेली कळ ओटीपोटात आणि जांघेत उतरू लागली. बसवेना, निजवेना, उभे राहवेना. मळमळू लागले. घरच्यांनी ओवा दिला, शेकून पाहिले, आणि शेवटी गाडीत घालून पहाटे चारला त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी विचारले, "कधीपासून दुखतंय?"

थोरला भाऊ म्हणाला, "लई दिवसांचं आहे साहेब. त्याची कंबर नेहमीच धरते."

भावाने खोटे सांगितले नाही. पण त्याने दोन दुखणी एकात एक मिसळली. कंबर जुनी होती, कळ मात्र अडीच तासांची होती. या एका उत्तराने डॉक्टरांचा हिशेब कसा बदलतो, ते आज पाहू.

मुतखडा मूत्रपिंडात असतो तोवर पुष्कळदा काही जाणवतही नाही. तो सुटून मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणाऱ्या अरुंद नळीत अडकला, की मागे लघवी तुंबते, नळी ताणली जाते आणि कळा येतात. खडा आतून खरचटतो म्हणून लघवीत रक्त उतरते. पण कुशीत दुखणारे प्रत्येक पोट मुतखड्याचे नसते. आंत्रपुच्छाची सूज, बायकांमध्ये नळीत राहिलेला गर्भ, म्हाताऱ्या माणसात पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटणे, अशी जिवावरची दुखणीही सुरुवातीला तशीच वाटू शकतात.

सी.टी. स्कॅन केले की खडा बहुधा नक्की दिसतो. पण त्याला पैसे पडतात, शरीरात किरणे जातात, आणि ते यंत्र सगळीकडे नसते. म्हणून मोजक्या प्रश्नांवरून खड्याचा अंदाज किती बांधता येतो, याचा अभ्यास अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी केला आणि २०१४ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी आधी १,०४० रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या, मग ४९१ नव्या रुग्णांवर तीच कसोटी लावून पाहिली. पाच गोष्टींची इंग्रजी आद्याक्षरे जुळून 'स्टोन', म्हणजे खडा, असा शब्द होतो; म्हणून या कसोटीला 'स्टोन स्कोअर' म्हणतात. तिचे गुण असे:

१. रुग्ण पुरुष असेल तर २, बाई असेल तर ०.
२. कळ सुरू होऊन सहा तासांहून कमी वेळ झाला असेल तर ३, सहा ते चोवीस तास झाले असतील तर १, त्याहून जास्त तर ०.
३. रुग्ण कृष्णवर्णीय वंशाचा नसेल तर ३.
४. नुसती मळमळ असेल तर १, उलटी झाली असेल तर २.
५. लघवीच्या तपासणीत रक्त सापडले तर ३.

एकूण गुण तेरा. पाचपर्यंत गुण मिळालेल्यांत शंभरातल्या सुमारे नऊ जणांनाच नळीत खडा निघाला. सहा ते नऊ गुणांच्या गटात निम्म्या लोकांना, आणि दहा ते तेरा गुणांच्या गटात शंभरातल्या जवळजवळ नव्वद लोकांना खडा निघाला. या वरच्या गटात दुसरे काही गंभीर दुखणे निघण्याचे प्रमाण शंभरात दोनहून कमी होते.

आता आपल्या शेतकऱ्याचे गुण मांडू. पुरुष म्हणून २, अडीच तासांची कळ म्हणून ३, वंशाचे ३, मळमळीचा १, आणि लघवीत रक्त सापडले तर ३. झाले १२. म्हणजे खड्याचा दाट संशय. पण भावाचे "लई दिवसांचं" हे उत्तर धरले, तर वेळेचे तीन गुण गेले. राहिले ९. माणूस तोच, दुखणे तेच, पण तो वरच्या गटातून मधल्या गटात घसरला. डॉक्टर कागदावर गुण मांडोत वा न मांडोत, दुखणे ताजे की जुने याचा हिशेब त्यांच्या मनात चालतोच.

या कसोटीच्या मर्यादाही ओळखून असावे. वंशाचे तीन गुण आपल्याकडे जवळजवळ सरसकट सगळ्यांना मिळतात, त्यामुळे इथे त्यातून निवड होत नाही. जपानी डॉक्टरांनी २०१७ साली 'चोकाई' नावाची दुसरी कसोटी मांडली, तीत वंशाचा प्रश्नच नाही. त्याऐवजी रुग्णाचे वय, पूर्वी खडा झाला होता का, आणि सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेले दिसते का, हे पाहिले जाते. सोनोग्राफीला किरणांचा धोका नाही. अमेरिकेतल्या पंधरा इस्पितळांत २,७५९ रुग्णांवर केलेल्या आणि २०१४ सालीच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले, की आधी सोनोग्राफी केल्याने गंभीर दुखणी नजरेतून जास्त सुटली नाहीत. काहींना पुढे सी.टी. लागले, सगळ्यांना नाही.

आणि गुण कमी आले म्हणजे दुखणे खोटे, असे मुळीच नाही. दोन दिवस पोट दुखणाऱ्या, मळमळणाऱ्या, पण लघवीत रक्त नसलेल्या बाईला चारच गुण मिळतील. याचा अर्थ "काही नाही, घरी जा" असा नव्हे. "हा खडा नसावा, मग दुसरे काय आहे ते शोधा" असा आहे. उलट खडा असूनही काहींच्या लघवीत रक्त सापडत नाही. म्हणून गुण ही दिशा आहे, निकाल नव्हे.

पुढील गोष्टी असतील, तर मात्र गुणांची वाट न पाहता तडक मोठे इस्पितळ गाठावे:

कळेबरोबर थंडी वाजून ताप आला. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले तर विष रक्तात भिनते, आणि तिथे तासांचा प्रश्न असतो.

लघवी बंद झाली, किंवा रुग्णाला एकच मूत्रपिंड आहे.

बाईची पाळी चुकली आहे. हे डॉक्टरांना एक्स-रे किंवा सी.टी.च्या आधीच सांगावे.

मुलाच्या किंवा तरुणाच्या वृषणात दुखते आहे. लाजेपायी पोरे "पोट दुखतं" एवढेच सांगतात. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत तो सोडवावा लागतो.

साठीच्या पुढच्या माणसाला अशी कळ पहिल्यांदाच आली, आणि घेरी येते किंवा घाम सुटतो.

उलट्या थांबत नाहीत, किंवा इंजेक्शन देऊनही कळ थांबत नाही.

घरून निघताना एका कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात: कळ किती वाजता उठली, उलटी किती वेळा झाली, ताप आला का, पूर्वी खडा झाला होता का. लघवी तांबडी दिसली तर तेही लिहावे. मात्र आदल्या दिवशी बीट खाल्ले असेल किंवा पाळी चालू असेल, तर ते लपवू नये, कारण त्याने फसगत होते. घरी कोणती गोळी दिली तेही सांगावे. कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या पाणी पाजल्याने खडा लवकर सुटत नाही, उलट्या मात्र वाढतात.

लहान, म्हणजे पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडून जातात. तोवर वेदना थांबवण्याचे औषध आणि डॉक्टरांची देखरेख लागते. खडा एकदा होऊन गेला की पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाकाठी अडीच लिटरच्या आसपास लघवी होईल इतके पाणी पोटात जावे. उन्हात राबणाऱ्याचा घाम जास्त जातो, तेव्हा बांधावरची घागर रिकामी राहू देऊ नये. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती पाणी प्यावे हे डॉक्टरांना विचारावे.

त्या रात्री भावाने एवढेच म्हटले असते, "कंबर जुनी आहे साहेब, पण ही कळ दीड वाजता उठली," तर तपासणीला योग्य वाट मिळाली असती. गाय व्यायला लागली की आपण वेळ बघून ठेवतो. घरच्या माणसाला कळ आली तरीही ती बघून ठेवावी.