औषध चाचणी : सहीपूर्वीचे प्रश्न

कोणतेही नवे औषध केमिस्टच्या दुकानात पोहोचते, त्याआधी कोणीतरी ते स्वतःच्या शरीरावर अजमावू दिलेले असते. प्राण्यांवरील प्रयोगांतून पुष्कळ कळते. पण औषध माणसाला मानवते की नाही, हे अखेर माणसावरच पाहावे लागते. कोव्हिशील्डच्या भारतातील चाचणीची पहिली मात्रा २६ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यात दिली गेली. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे २५,८०० स्वयंसेवक सहभागी झाले. हे लोक पुढे आले नसते, तर लस आलीच नसती.

पहिल्या टप्प्यात काही डझन, बहुधा निरोगी व्यक्तींना औषध देऊन ते कितपत सुरक्षित आहे हे तपासतात. दुसऱ्यात शे-दोनशे किंवा थोड्या अधिक रुग्णांवर त्याचा गुण आणि योग्य मात्रा पाहिली जाते. तिसऱ्यात मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन नव्या औषधाची तुलना प्रचलित उपचाराशी किंवा निष्क्रिय गोळीशी केली जाते. कोणाला काय मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते आणि अनेकदा रुग्णाला व डॉक्टरांनाही ते ठाऊक नसते.

गैरसमजाचे मूळ नेमके येथेच आहे. ‘डॉक्टरसाहेब आपल्याला नवे, चांगले औषध देत आहेत,’ असे रुग्णाला वाटते. प्रत्यक्षात उपचाराचा हेतू त्या रुग्णाला बरे करणे हा असतो, तर चाचणीचा हेतू पुढच्या रुग्णांसाठी ज्ञान मिळवणे हा. डॉक्टर एकच असले तरी त्यांच्या भूमिका दोन होतात. म्हणूनच संमतीला महत्त्व आहे.

ही संमती किती पोकळ ठरू शकते, हे २००९-१० मध्ये दिसले. आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला. काही मुलींच्या मृत्यूनंतर तो थांबला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्याचे उघड झाले.

त्यानंतर नियम कडक होत गेले. आज २०१९ चे ‘नवी औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम’ लागू आहेत. त्यांनुसार माहिती सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागते. तिला वाचता येत नसेल, तर निःपक्ष साक्षीदार हवा. नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल घटकातील व्यक्ती असेल, तर संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक आहे. चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य असावेत, त्यांत सर्वसामान्य नागरिक, महिला व कायदेतज्ज्ञ हवेत आणि निम्मे सदस्य तरी त्या संस्थेबाहेरचे असावेत, असे बंधन आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई, मृत्यू झाल्यास वारसाला भरपाई देण्याची तरतूद आहे.

मोबदल्याचा प्रश्न नाजूक आहे. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देणे न्याय्य. पण रक्कम एवढी मोठी असू नये की गरजूने धोक्याकडे डोळेझाक करावी. ती किती असावी, हेही एथिक्स कमिटी तपासते.

सहभागी होण्यापूर्वी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. चाचणी कितव्या टप्प्यातील आहे? संभाव्य धोके कोणते? चाचणीत न गेल्यास कोणते उपचार उपलब्ध आहेत? रात्री-अपरात्री त्रास झाल्यास फोन कोणाला करायचा? चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये नोंदलेली आहे का? ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते.

संमतीपत्र घरी नेऊन, नातलगांशी बोलून, मगच सही करावी. त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. सही केल्यानंतरही कोणत्याही क्षणी, कारण न देता बाहेर पडण्याचा हक्क कायम राहतो आणि त्यामुळे नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत. नकार देण्याची मोकळीक असेल, तरच दिलेल्या होकाराला अर्थ आहे.