पाच नावांचे गाणे

'म्युझिक साउंड्स बेटर विथ यू' हे स्टारडस्ट या फ्रेंच त्रयीचे पहिले आणि शेवटचे गाणे. १९९८ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या रूले या छोट्या लेबलने ते काढले. तोमा बांगाल्तेर, अ‍ॅलन ब्रॅक्स आणि गायक बेंजामिन डायमंड ही ती त्रयी. डाफ्ट पंक या जोडीतला एक म्हणून बांगाल्तेर सर्वांना ठाऊक आहे. रूले हे लेबलही त्याचेच, १९९५ मध्ये सुरू केलेले.

गाण्याचा जन्म पॅरिसच्या रेक्स क्लबमधला. ब्रॅक्सची 'व्हर्टिगो' ही तबकडी १९९७ मध्ये रूलेनेच काढली होती. ती रेक्समध्ये श्रोत्यांसमोर वाजवायचे ठरले, तेव्हा बांगाल्तेर आणि डायमंड त्याच्या जोडीला आले. त्या कार्यक्रमात एका गिटारच्या तुकड्यावर डायमंड गायला. तुकडा चांगला लागला आहे हे तिघांनीही ओळखले आणि बांगाल्तेरच्या घरच्या स्टुडिओत त्याचे गाणे झाले.

तो तुकडा अमेरिकन गायिका शाका खानच्या 'फेट' या गाण्यातला आहे. आरिफ मार्दिनने संगीतनियोजन केलेल्या तिच्या १९८१ च्या अल्बममधले हे गाणे फारसे कुणाच्या लक्षात राहिलेले नव्हते. त्याच्या सुरुवातीलाच गिटारची एक चटपटीत लकेर येते आणि शाका खान गाऊ लागली की मागे पडते. पॅरिसच्या तिघांनी नेमकी तीच उचलली. गायिकेचा आवाज जगभर वाखाणलेला असताना तो बाजूला ठेवून तिच्या आधीचे चार क्षण निवडणे, यातच या गाण्याचे अर्धे कर्तृत्व आहे.

काम झाले ते ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या सॅम्पलरवर. १९८७ मध्ये बाजारात आलेल्या या यंत्राची स्मरणशक्ती जेमतेम दहा सेकंदांची, तीही अडीच-अडीच सेकंदांच्या चार कप्प्यांत विभागलेली. मिनिटाला सुमारे १२४ ठोके या लयीत चार ठोक्यांचे एक आवर्तन दोन सेकंदांच्या आतच संपते. म्हणजे एका कप्प्यात एक आवर्तन मावते, दोन मावत नाहीत. असे यंत्र वापरणाऱ्याला आधीच ठरवावे लागते की नक्की काय ठेवायचे. शिवाय ते बारा बिटांवर आवाज साठवते, त्यामुळे मूळ रेकॉर्डिंगची तकाकी जाऊन त्याला एक खरखरीत, दाणेदार पोत येतो. आजच्या संगणकावर हा पोत मुद्दाम आणावा लागतो. तेव्हा तो यंत्राच्या कमतरतेतून आपोआप येई.

दुसरे साधन कम्प्रेसर. त्या काळातल्या फ्रेंच हाउस या नृत्यसंगीतात अलेसिस ३६३० हा स्वस्तातला कम्प्रेसर घरोघरच्या स्टुडिओत होता. सगळे आवाज एकत्र त्यातून काढले की बेस ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला बाकीचे आवाज दाबले जातात आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत पुन्हा वर उसळतात. गिटार श्वास घेतल्यासारखी वरखाली होते ती यामुळे. तिसरे साधन फिल्टर. तो वरचे स्वर अडवतो. लग्नाच्या हॉलचे दार लोटलेले असताना आतला बँड ऐकू यावा, तसा तुकडा आधी घुसमटलेला येतो आणि हळूहळू मोकळा होतो. पूर्ण आवृत्ती पावणेसात मिनिटांच्या आसपास जाते. तेवढ्या वेळात सुरावट जवळजवळ बदलत नाही, शब्दही मोजक्या ओळींचेच. तरी ऐकणारा कंटाळत नाही, कारण बदल सुरांत नसून उजेड-अंधारात आहे. पुनरावृत्तीचे इतके नेमके भान असलेले दुसरे पॉप गाणे त्या दशकात शोधावे लागेल.

गाण्याच्या श्रेयात पाच नावे आहेत: बांगाल्तेर, केम (ब्रॅक्सचे खरे आडनाव), कोहेन (डायमंडचे), आणि डॉमिनिक किंग व फ्रँक मस्कर. शेवटचे दोघे 'फेट'चे कर्ते. स्टारडस्टच्या स्टुडिओत ते नव्हते, पण त्यांचा वाटा कागदावर आला.

श्रेयाच्या या हिशेबाला बांगाल्तेरच्या घरात मोठा इतिहास होता. त्याचे वडील दानिएल व्हँगार्ड हे सत्तरच्या दशकातले नामांकित फ्रेंच डिस्को निर्माते. जाँ क्लुगर या बेल्जियन सहकाऱ्याबरोबर त्यांनी ओटावान या जोडीसाठी 'डी.आय.एस.सी.ओ.' रचले. १९८० मध्ये त्यांनीच त्याच जोडीसाठी रचलेले 'ते ओके' आले. ती चाल भारतात कुणाला अनोळखी नाही. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये पार्वती खान यांनी गायलेले 'जिमी जिमी जिमी आजा' तिच्यावरच बेतलेले आहे. चित्रपटावर संगीतकार म्हणून नाव मात्र बप्पी लाहिरी यांचे. चित्रपटाचा नायक मिथुनबरोबर ते गाणे सोव्हिएत संघातही तुफान गाजले आणि २००७ मध्ये एम.आय.ए. या गायिकेने ते पुन्हा गायले. मुंबईने पॅरिसची चाल घेतली, पॅरिसने अमेरिकेची गिटार घेतली. उसनवारी दोन्हीकडे झाली आणि दोन्हीकडे तिच्यातून अस्सल काहीतरी निपजले. फरक पडला तो नावे लिहिण्यात, आणि तो लहान नव्हे.

कर्त्यांच्या हक्काच्या बाबतीत व्हँगार्ड हट्टी होते. साकेम ही फ्रान्समधली लेखक-संगीतकारांचे मानधन गोळा करून वाटणारी संस्था. जर्मन ताब्याच्या काळात ज्यू सभासदांच्या पैशांचे काय झाले, हा प्रश्न त्यांनी नव्वदच्या दशकात तिच्यापुढे उभा केला आणि सोडला नाही. स्वतःच्या गाण्यांपेक्षा या भांडणासाठी त्यांची आठवण अधिक राहायला हवी. डाफ्ट पंकच्या सुरुवातीच्या करारांमागेही त्यांचा सल्ला होता.

स्टारडस्टच्या गाण्याला यश झपाट्याने आले. रूलेची तबकडी क्लबांत पोचल्यावर व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीने गाणे जगभर नेले. ऑगस्ट १९९८ मध्ये ब्रिटनच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर होते. पहिला क्रमांक बॉयझोनच्या 'नो मॅटर व्हॉट'ने धरून ठेवला होता. अमेरिकेत बिलबोर्डच्या क्लब यादीत ते अव्वल ठरले. मिशेल गोंद्रीने केलेल्या व्हिडिओत एक मुलगा घरी खेळण्यातले विमान जुळवत बसतो आणि टीव्हीवर चंदेरी पोशाखातली त्रयी गाते. गाण्याइतकाच तोही साधा आणि लोभस.

त्याच वर्षी बांगाल्तेरच्या दुसऱ्या एका कामाचे वेगळेच झाले. बॉब सिंक्लार या फ्रेंच डीजेसाठी त्याने घडवलेल्या 'जिम टॉनिक'मध्ये अभिनेत्री जेन फोंडाच्या व्यायामाच्या रेकॉर्डमधला आवाज होता. तिची परवानगी नसल्याने ते सिंगल म्हणून निघू शकले नाही. स्पेसडस्ट नावाच्या ब्रिटिश जोडीने नवा आवाज भरून ते जवळजवळ तसेच काढले आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला. मूळ कर्ता स्टारडस्टसह दुसऱ्या क्रमांकावर अडला आणि त्याच्या कामाची नक्कल वर पोचली. यात न्याय होता असे म्हणवत नाही.

स्टारडस्टकडून अल्बम हवा, ही मागणी तिघांनी मान्य केली नाही. बांगाल्तेर डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी' या अल्बमकडे वळला, ब्रॅक्स आणि डायमंड आपापल्या वाटेने गेले. मॅडोनाने २००१ च्या 'ड्राउन्ड वर्ल्ड' दौऱ्यात 'हॉलिडे' गाताना या गाण्याचे अंश त्यात मिसळले. २०१९ मध्ये मूळ ध्वनिमुद्रण नव्याने मास्टर करून पुन्हा प्रसिद्ध करण्यात आले.