फाइलमध्ये नसलेली डिग्री

चाकणला सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी काही वर्षं एचआरला होतो. भरतीच्या दिवशी सकाळपासून गेटवर रांग लागायची. पद ऑपरेटरचं, पात्रता बारावी किंवा आयटीआय. ठेकेदाराचा माणूस रांगेत फिरून हळूच सांगायचा, "बीई असशील तर बोलू नकोस, बारावीचंच मार्कशीट दाखव." कारण आम्हीच त्याला तोंडी बजावलं होतं, इंजिनिअर नकोत, सहा महिन्यांत सोडून जातात.

लातूरकडचा एक मुलगा असाच आत आला. एकदा थर्ड शिफ्टला व्हीएमसी मशीनवर बनणारे भाग रिजेक्ट व्हायला लागले. भोकात माप तपासायचा प्लग गेज व्यवस्थित जात होता, तरी असेंब्लीत बोल्ट बसेना. या मुलानं ड्रॉइंग मागितलं, वर्तुळातल्या अधिकच्या चिन्हावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "भोकाचं माप बरोबर आहे, जागा सरकलीय. फिक्श्चरची पिन बघा." फिक्श्चर म्हणजे भाग जागेवर धरून ठेवणारी चौकट. तिची पिन काढली, तर एका अंगानं झिजलेली.

सकाळी सुपरवायझर माझ्याकडे आला. "हा नुसता बारावी नाही."

मी बोलावल्यावर मुलगा दारातूनच म्हणाला, "सर, काढू नका." मेकॅनिकलचा बीई, फर्स्ट क्लास. फीसाठी वडिलांनी एक एकर विकलेलं.

त्याला काढलं नाही, पण पगारही वाढला नाही. किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे कामाचे वर्ग असतात, डिग्रीचा रकाना नसतो. ग्रेग डंकन आणि सॉल हॉफमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९८१ साली कामाला लागणारं शिक्षण आणि जास्तीचं शिक्षण वेगवेगळं मोजलं. जास्तीच्या वर्षालाही पगारात मोल मिळतं, पण लागणाऱ्या वर्षाच्या जेमतेम निम्मं, असं त्यांना आढळलं. आमच्या मुलाला ते निम्मंही मिळत नव्हतं. त्याची जास्तीची वर्षं फाइलमध्येच नव्हती.

त्याच शिफ्टला मशीन लावून देणारे एक सेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. दहावी नापास. स्पिंडलच्या आवाजावरून बेअरिंग जाणार हे आधी सांगायचे. त्यांनी शिकवलेली पोरं सुपरवायझर झाली. मामा सेटरच राहिले, कारण पुढच्या ग्रेडला डिप्लोमा लागत होता. ती अट मीच जुन्या जाहिरातीवरून उतरवून घेतली होती. ती खरंच लागते का, हे शॉपवर जाऊन एकदाही विचारलं नव्हतं. याची बोच अजून आहे.

पुढे क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा निघाली, पात्रता डिप्लोमा किंवा डिग्री. मुलानं डिग्री दाखवावी, तर जॉइनिंग फॉर्मवरची माहिती खोटी ठरणार. न दाखवावी, तर अर्जच बाद. मी प्लँट हेडना म्हणालो, "कागद बाजूला ठेवू, शॉपवर प्रात्यक्षिक घेऊ, मामांनाही बसवू." ते म्हणाले, "एकदा पायंडा पडला की आवरणार नाही."

जागा बाहेरून भरली. नव्या इन्स्पेक्टरला फिक्श्चर समजावून द्यायला पहिले आठ दिवस मी त्याच मुलाला त्याच्यासोबत दिलं.