पिल्लाच्या पंखात काय दिसतं?

पुण्याजवळच्या ताथवड्यात पैदाशीचे वळू तयार करणाऱ्या सरकारी वळूमाता प्रक्षेत्रावर जनावराची पारख वंशावळीपासून सुरू होते. कोंबडीच्या एका दिवसाच्या पिल्लांतली तलंग, म्हणजे मादी, ओळखतानाही आधी वंशावळच बघावी लागते. पंख पसरला की पिसांच्या दोन ओळी दिसतात. खालची ठळक लांब असेल तर मादी, दोन्ही सारख्या तर नर, असं सर्रास सांगतात. खरं आहे, पण मुद्दाम जुळवलेल्या संकरापुरतंच. पिसं सावकाश वाढवणारं जनुक झेड गुणसूत्रावर असतं. कोंबड्याकडे दोन झेड, कोंबडीकडे एकच, तेही बापाचं. म्हणून आई सावकाश पिसांची आणि बाप झटपट पिसांचा असेल तरच फरक उमटतो. गावरान पिल्लाचा पंख बघणं म्हणजे छापा-काटाच.

‘तुऱ्यावरून कळतंच की!’ कळतं, पण काही आठवड्यांनी, आणि तुरा जातीगणिक बदलतो. त्यापेक्षा शेपटीलगतची पिसं भरवशाची: तिसऱ्या महिन्याच्या सुमारास नराची टोकदार होतात, मादीची गोलसर राहतात. गंमत म्हणजे हा गोलसरपणा मादीच्या संप्रेरकाचा; अंडाशय निकामी झालं तर कोंबडीलाही कोंबड्याची पिसं फुटतात. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना लावणं, धुळीत लोळून जादा तेल झटकणं हे मात्र नर-मादी दोघंही करतात. त्यावरून लिंग ठरत नाही आणि तो आजारही नव्हे. दुसरीची पिसं उपटणं वेगळं. तिथे आधी खुराड्यातली गर्दी आणि खाद्य तपासावं.