माळावरचे हिंगे ओळखताना

पावसाळा सरत आला की सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आणि शेजारच्या तुरीवर काळ्या-केशरी पट्ट्यांचे भुंगेरे फुलांना बिलगलेले दिसतात. हेच हिंगे, शास्त्रीय नाव मायलॅब्रिस पुस्टुलाटा.

ओळखताना रंगाइतकाच बांधा पाहावा. मान डोक्यापेक्षा अरुंद, पुढचे पंख मऊ. पुढच्या आणि मधल्या पायांच्या पावलांना पाच पेरे, मागच्यांना मात्र चारच. परागकण आणि पाकळ्या खाऊन ते तुरीच्या शेंगा घटवतात, पण त्यांच्या अळ्या जमिनीतली नाकतोड्यांची अंडी फस्त करतात. केवळ कीड म्हणून त्यांच्याकडे पाहणे अन्यायाचे ठरेल.

हातात मात्र धरू नयेत! सांध्यांतून पाझरणाऱ्या कँथरिडिनने त्वचेवर फोड येतात. १८१० मध्ये फ्रान्सच्या रोबिके यांनी हे द्रव्य याच कुळातल्या युरोपीय भुंगेऱ्यापासून वेगळे केले.