नंबर बघून सही

२०२३ चा हिवाळा मी मुलीकडे, स्वीडनमधल्या गोथेनबर्गला काढला. डिसेंबरात तिथे पावणेनऊच्या पुढे उगवणारा सूर्य साडेतीनच्या आतच मावळतो. रोज संध्याकाळी पारावर तासभर गप्पा मारणाऱ्या माझ्यासारख्या पेन्शनराला ती संध्याकाळ संपता संपत नसे. मग खिडकीशी बसून राहायचं. सहाच्या सुमाराला शेजारचा एक तरुण कपाळाला दिवा बांधून, पाऊस असो की बर्फाचा चिखल, जंगलाच्या दिशेनं धावत सुटायचा आणि दीड-दोन तासांनी गुडघ्यांपर्यंत भिजून परत यायचा.

"याला कसला नाद आहे गं?" मी मुलीला विचारलं.

"बाबा, तो ओरिएंटिअरिंग खेळतो. हंगाम वसंतात सुरू होतो. आत्ता तयारी चाललीय."

नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातून धावायचा हा खेळ. वाट आखलेली नसते. नकाशावर गोल काढलेले असतात, त्या प्रत्येक जागी जंगलात एक केशरी-पांढरं निशाण टांगलेलं असतं. ती निशाणं ठरल्या क्रमानं गाठायची. मधून कसं जायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. सैन्यातल्या या कवायतीला मेजर एर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवून लोकांचा खेळ केला. तरुण पोरं रानात यावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. त्या देशात रान कुणाचंही असो, नासधूस न करता त्यातून हिंडायचा हक्क सगळ्यांना आहे. आपल्याकडे सातबारा आणि कुंपण यांत वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

ओळख झाल्यावर त्यानं मला नकाशा दाखवला. आपल्या नकाशात पांढरं म्हणजे काहीच नाही; त्याच्या नकाशात पांढरं म्हणजे सरळ धावता येईल असं जंगल. हिरवं जितकं गडद तितकी झाडी दाट. तपकिरी रेषा उंचीच्या. हिवाळ्यात तो असा नकाशा घेऊन धावतो की ज्यात रस्ते, ओढे, कुंपणं सगळं पुसून फक्त त्या तपकिरी रेषा ठेवलेल्या असतात. घोट्यांसाठी दात घासताना एका पायावर उभं राहणं (मी करून पाहिलं, बेसिन धरावं लागलं), रविवारी दलदलीतून दोन-अडीच तासांची संथ धाव, आणि फेब्रुवारीत क्लबाबरोबर पोर्तुगालला, कारण इकडची जमीन तेव्हा गोठलेली असते.

पण या हिवाळ्यात त्याचं मन एकाच गोष्टीत अडकलं होतं. तिऊमिला नावाची रिले शर्यत तिथे १९४५ पासून आहे. दहा जणांचा संघ, शनिवारी रात्री सुरुवात, रविवारी सकाळी शेवट. २०२३ च्या वसंतात त्याच्याकडे मध्यरात्रीनंतरचा टप्पा होता. या रिलेत गंमत अशी, की काही ठिकाणी दोन-तीन निशाणं जवळजवळ टांगतात. एका संघाच्या माणसाला हे, दुसऱ्याच्या माणसाला ते. पुढच्या कुठल्या टप्प्यात अदलाबदल. शेवटी बेरीज सगळ्यांची सारखीच. पुढच्याच्या दिव्यामागे डोळे मिटून धावणाऱ्यांसाठी लावलेला हा सापळाच. प्रत्येक निशाणाला नंबर असतो, तो आपल्या यादीशी ताडून मगच बोटातली चिप खोक्यात घालायची. त्यानं नंबर न बघता चिप घातली. खोकं नेहमीसारखंच वाजलं. पहाटे नऊजणांची रात्रभराची मेहनत बाद झाली.

मी ऐकत होतो, आणि मला घाम फुटला होता. बाहेर शून्याखाली दोन होतं.

१९८७ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. ऊसबिलं जमा करायचा दिवस, काउंटरवर झुंबड. एका शेतकऱ्याची रक्कम उलटसुलट आकड्यांमुळे दुसऱ्याच्या खात्यात पडली. संध्याकाळी पुस्तकं पैशासकट जुळली. जुळणारच, बेरीज तीच होती. महिन्याभरानं उलगडा झाला तोवर दुसऱ्यानं पैसे काढून खर्चलेही होते. व्हाउचर लिहिणाऱ्या कारकुनाची वार्षिक वाढ रोखली गेली. लेजरमध्ये त्या नोंदीपुढे तपासल्याची आद्याक्षरं माझी होती. नंबर बघणं हेच माझं काम होतं. चौकशीत मी सांगितलं, गर्दी फार होती आणि नंबर कारकुनानं लिहिला होता. दोन्ही वाक्यं खरी होती. मला तोंडी समज मिळाली, पुढच्या वर्षी बढतीही.

त्या मुलाची एक वही होती. रोजच्या सरावातली प्रत्येक चूक, ती कुठे झाली, किती मिनिटं गेली आणि का गेली, हे तो लिहायचा. 'का' या रकान्यात अंधार, पाऊस, धुकं असलं काही लिहायचं नाही, हा त्याचा स्वतःचाच नियम. तिऊमिलाच्या पानावर (मुलीनं वाचून दाखवलं) लिहिलं होतं : पुढचे तिघं थांबले, म्हणून मी धरून चाललो की माझंही तेच.

एका संध्याकाळी त्यानं मला स्कातोसच्या जंगलात नेलं. दिव्यांच्या वाटेपासून थोडं आत त्यानं वीस-पंचवीस पावलांच्या अंतरावर पाच निशाणं टांगली. १३४, १४३, असे मुद्दाम फसवे नंबर. मी दोन स्वेटरांवर जावयाचं जाकीट चढवून यादी घेऊन उभा. तो टेकडी चढून जीव तोडून धावत यायचा, धापा टाकत नंबर मोठ्यानं वाचायचा आणि मी यादीवर टिक करायचो. त्याचं म्हणणं, दमलेल्या माणसाला सगळे आकडे आपल्या सोयीचे दिसतात, म्हणून दमूनच वाचायचं. चौदाव्या फेरीला तो चुकला. कपाळावरचा दिवा विझवून तिथेच बसला, वही काढली.

त्या अंधारात मी त्याला व्हाउचरची गोष्ट सांगितली. घरात कुणाला कधी सांगितली नव्हती. परक्या भाषेत सांगणं सोपं गेलं.

त्यानं एवढंच विचारलं, "त्या माणसाला नंतर कधी सांगितलंत?"

"नाही."

त्यानं दिवा लावला आणि पंधराव्या फेरीला गेला.

२०२४ च्या मे महिन्यात त्याचा ईमेल आला. संघ शेवटपर्यंत पोचला होता. क्रमांक सांगण्यासारखा नव्हता, पण त्याच्या टप्प्यातले सगळे नंबर बरोबर होते. खाली पुन्हा तोच प्रश्न. तो कारकून आता कऱ्हाडला असतो, असं एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. फोन नंबर मिळाला आहे. दोनदा ताडून पाहिला, बरोबर आहे.