अंड्यातली धडधड

वरूडकडे कोंबडी खुडूक झाली, की टोपल्यात कुटार घालून तिच्याखाली अंडी ठेवतात. चौथ्या दिवशी रात्री त्यातलं एक अंडं काढून अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरायचं. (आजीला विचारूनच बरं का! कोंबडी टोचते, आणि अंडं लगेच परत ठेवावं लागतं.) कवचाआड बारीक लाल रेषांचं जाळं दिसतं. मधला एक ठिपका थरथरत असतो. तेच पिल्लाचं हृदय!

2300 वर्षांपूर्वी ग्रीसच्या अ‍ॅरिस्टॉटलनंही अंडी फोडून हा उड्या मारणारा लाल ठिपका पाहिला होता आणि लिहून ठेवला होता.

पण हे हृदय आलं कुठून? अंडं उबेला ठेवलं तेव्हा बलकावर फक्त एक छोटी पांढरट चकती होती. त्या चकतीत डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन नाजूक नळ्या तयार होतात. त्या मधे सरकतात आणि जुळून त्यांची एकच नळी होते. दीड दिवस होतो न होतो, तोच ती आकसायला लागते. कोण सांगतं तिला? मेंदूच्या नसा तर अजून तिथवर पोचलेल्याही नसतात! हृदयाच्या पेशी आपल्या आपणच धडधडतात. प्रयोगशाळेत त्या सुट्या करून बशीत ठेवल्या, तरी प्रत्येक पेशी आपापल्या तालात हलते. आणि दोन पेशी एकमेकींना चिकटल्या, की दोघी एकाच तालात!

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढचं. संत्र्याच्या बागेतली मोटर दुरुस्त करायची तर आधी बंद करावी लागते. हृदयाला ती सोय नाही. बलकातलं अन्न रक्तातून पिल्लाला सतत पोचवायचं असतं. म्हणून धडधड चालू असतानाच नळी लांबते, उजवीकडे वळते, पीळ घेते आणि आत पडदे उभे राहून चार कप्पे होतात.

तुमचं हृदयही असंच घडलं. आईच्या पोटात साधारण बाविसाव्या दिवशी ते धडधडायला लागलं. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात मात्र एक झडप उघडी राहिली, कारण फुप्फुसांना अजून काम नव्हतं. जन्मल्यावर तुम्ही पहिला श्वास घेतलात, फुप्फुसांकडे भरपूर रक्त धावलं आणि ती झडप मिटली.